वाद्य क्रमांक एक्केचाळीस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
शाळेची पिवळी बस माझ्या दुकानापाशी थांबते,
मुलांशिवाय.
सीटांवर काळ्या पेट्या बसलेल्या,
गेल्या वर्षी सत्तावीस, यंदा एकोणीस.
ऑस्टवेट बाई स्वतः उतरवतात एकेक,
पावतीवर सही करतात, आणि विचारतात,
"ऑगस्टपर्यंत?"
"ऑगस्टपर्यंत."
पैशांचं दोघंही बोलत नाही.

मुलं मला ठाऊक नाहीत. त्यांचे पोचे ठाऊक आहेत.
हा जिन्यावरून पडलेला,
हा भावाशी भांडताना,
हा, मला वाटतं, मुद्दाम.
ट्रंपेटच्या नळीतून मी काढलंय
दातांच्या तारेचं निळं रबर, अर्धी पेन्सिल,
आणि एकदा सॅक्सोफोनच्या गळ्यातून एक चिठ्ठी:
'शुक्रवारी नको. बाबा घरी असतात.'
ती मी होती त्याच घडीत
पेटीच्या खिशात ठेवून दिली.

एक्केचाळीस नंबरचा बॅरिटोन हॉर्न
माझ्या वडिलांच्या वेळेपासून येतो.
झाकणाच्या आत एक कार्ड चिकटवलंय:
एल्डन राउतियो, एकोणीसशे अठ्ठावन्न.
मग त्याचाच धाकटा भाऊ.
मग कुणी पिएत्री, शाईचा डाग पडलेला.
मग सहा ओळी कोऱ्या.
त्या वर्षांत खाण बंद होती,
बंदरात लोखंडाची जहाजं नव्हती,
आणि शाळेत बँड नव्हता.
मग टॅन्सी बेलँजर.
सगळ्यात खाली, जागा उरली नाही म्हणून तिरपं:
गाओनू मूआ.

त्याची तिसरी कळ अडकते.
मी घासली, तेल दिलं, शिवीही दिली.
तो भाग बनवणारा कारखानाच आता नाही.
बाईंना म्हटलं, हा मोडीत काढा.
त्या म्हणाल्या, "मग ती पोरगी काय वाजवेल?"
यावर माझ्याकडे अवजार नव्हतं.

डिसेंबरात बिलाच्या पाकिटातून एक तिकीट आलं.
चाळीस वर्षांत मी कधी गेलो नव्हतो.
दिवसभर बिघाड ऐकणाऱ्या माणसानं
संध्याकाळी पुन्हा बिघाड ऐकायला का जावं?
गेलो. शेवटची रांग.
ओल्या बुटांचा वास, बंदरावरून थेट आलेले बाप,
ट्यूबाशेजारी गळक्या छताखाली बादली.
पुढच्या आठवड्यात नाटक, हॉल एकच,
म्हणून बँड बसला होता
कुणाच्या तरी पुठ्ठ्याच्या स्वयंपाकघरात.
खिडकीत रंगवलेली दुपार.
काळ्या कपड्यांतली मुलं अंधारात खुर्च्या हलवत होती,
त्यांना कुणी टाळ्या वाजवत नाही.

तिसऱ्या तुकड्यात बाकीची वाद्यं थांबली.
एक्केचाळीस नंबर एकटा.
चार मात्रा, आणि मला माहीत होतं कळ कुठे अडकणार.
माझ्या हाताची तीन बोटं गुडघ्यावर आपोआप दाबली गेली.
तिनं श्वास घेतला, जिथे श्वास लिहिलेला नव्हता,
आणि तिसरीचं काम पहिली-दुसरीवर टाकून
पुढे गेली.
स्वर केसभर चढा लागला.
कुणाला कळलं नाही.
मला कळलं.
पितळ उघडं पडलं ते माझं होतं:
मोडीत काढा, म्हणालो होतो.

बाहेर बर्फ, गाड्यांच्या काचा खरवडणारे लोक.
ती उभी होती, रिकामी पेटी हातात,
कोटाचं पोट फुगलेलं.
मी नाव न सांगताच विचारलं, "तिसरी कळ?"
तिनं मला नीट पाहून घेतलं.
"थंडीत जास्त अडकते," म्हणाली.
"म्हणून मी हिला कोटात घेऊन येते. घरापासून."

मी मान डोलावली.
माझ्या हातात हा हॉर्न
कायम थंडच आला होता.