दगड हलवणारी

सेंगा बेला, सरोवराकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये
तवोंगा ठरवते
कुठल्या माशाने कुणाशेजारी राहायचं.
निळ्या नराजवळ दुसरा निळा नको,
आरशाशीच भांडण ते, मरेपर्यंत चालतं.
पिवळे चालतील. तळाशी एक न्खोलोकोलो,
मिशाळ, रात्री कुरकुरणारा,
त्याच्या वाटेला कुणी जात नाही.
आणि गर्दी हवी, ती म्हणते:
चौघांत एकच मार खातो,
चाळिसांत तो वाटला जातो.

नवा यायचा असला की
कोपरापर्यंत हात घालते पाण्यात,
सगळे दगड इकडचे तिकडे.
जुन्यांनाही मग घर शोधावं लागतं.
तेवढ्यात नवा शिरतो
कुठल्यातरी फटीत.

जूनमध्ये, म्वेरा वारा सुटलेला असताना
धाकटी टोवेरा परत आली,
कडेवर लेकरू, एक डोळा सुजलेला.
सासू दार अडवून उभी.
तवोंगा काही बोलली नाही.
आत जाऊन खाट ओढली,
मक्याची पोती दारामागे,
भांडी त्या भिंतीला,
नवऱ्याची खुर्ची तर थेट अंगणात.

रात्री अंधारात
सगळेच ठेचकाळले,
सासूसुद्धा.