दोन बोटं झोल

दस्तगीर मिस्त्रीनं आधी वास घेतला.
चेसिसखाली, पुठ्ठ्यावर पाठ टेकून,
किंगपिनवरचा काळा गोळा स्क्रूड्रायव्हरनं खरवडला,
नाकाशी नेला.
तंबाखू, म्हणाला.

त्रेपन्न सालची हिलमन, मामंजींची.
निपाणीतून अकोळ, गळतगा, भोज,
उभ्या पिकाचा भाव पान चुरगळून ठरवायचा,
परतायचं काचा खाली करून.
मग सतरा वर्षं वखारीत, पोत्यांमागं.
भुकटी बसत गेली जिथं जिथं ओलं होतं.

मी डबा पुढं केला. नवं ग्रीस, निळं, लिथियमचं, महाग.
त्यानं चिमटीत धरून तार काढली, बघितली.
"ह्यात काय वाईट नाही, वैनी.
पण आतलं जुनं आहे चुन्याचं.
दोन्ही चांगली, एकत्र केली
की दोन्ही पातळ होऊन गळतात.
आधी जुनं सगळं भाईर."
भीमशी, चिकोडीकडचा पोरगा, रॉकेलचं घमेलं धरून उभा:
चुना नि तंबाखू, मग बिघडलं कुठं?
मिस्त्री हसला नाही.
मग बऱ्याच वेळानं, पाने पुसताना, हसला.

स्टिअरिंगच्या डब्यात कुणीतरी ग्रीस कोंबलेलं,
तेल गळतं म्हणून.
वर्मनं त्यात आपल्यापुरता बोगदा कोरला होता
आणि कोरडाच फिरत होता.
चारी बाजूंनी ग्रीस, दाताला थेंब नाही.

डिफरन्शियलचं तेल शिल्लक आहे की, मी म्हटलं.
त्यानं बाटली माझ्या नाकाखाली धरली.
गंधक.
"लोखंडाला चालतंय. पितळेचा बुश खातंय."
आणि भीमशीला, दुकानाकडं पिटाळताना:
"एकशे चाळीस. दप्प बेकु. आदर गंधक बेड."

पुस्तिकेत ग्रीसचे ठिपके अकरा,
सातव्या पानाचा कोपरा वाळवीनं नेलेला.
दहा सापडले.
अकरावा मला लागला, नखाला,
आयडलर आर्मच्या मागच्या अंगाला,
चिखलाच्या पापुद्र्याखाली, कारखान्याच्या रंगासकट.
म्हणजे इतक्या वर्षांत
तिथं कुणी गन लावलीच नव्हती.
मामंजी रोज सकाळी गाडी पुसून घ्यायचे,
कापड वेगळं, बादली वेगळी.
ह्यांना मी हे सांगितलेलं नाही.

शेवटी स्क्रू पाव फेरा आवळला, थांबला.
चाकाच्या कडेला अजून दोन बोटं झोल.
अजून थोडं, मी म्हटलं.
"राहू दे. वर्म मधेच झिजलाय, कडेला नवाच आहे.
सरळ रस्त्यावर घट्ट केलं
तर वळणावर अडकेल.
घाटात बघा."

तवंदी घाट. दुसरा गिअर.
ट्रकवाला मागून ओरडला, कुठल्या भाषेत कळलं नाही.
वळण संपलं तशी मी बोटं सैल केली,
आणि चाक तळव्यांतून सरकत
आपणहून सरळ झालं.

सकाळी वखारीच्या फरशीवर डाग,
जुन्या रुपयाएवढा.
मिस्त्रीला फोन लावला. गळतंय हो.
पलीकडं कुणाच्या तरी इंजिनाचा आवाज,
मग तो:
"म्हणजे आत आहे."