काचेच्या पाठीमागून

काचेवर लिहायचं म्हणजे पाठीमागून लिहायचं,
हे इनेस कार्गिलने पहिल्याच सोमवारी सांगितलं,
डंडीत, टे नदीकाठच्या त्या शेडमध्ये
जिथे मार्चातही बादलीतल्या पाण्यावर
साय धरावी तसा बर्फ धरतो.
उजवीकडून डावीकडे. अक्षरं उलटी.
आणि जे सगळ्यात वर दिसायचं ते सगळ्यात आधी:
आधी डोळ्यातला पांढरा ठिपका, मग डोळा, मग चेहरा,
मागची भिंत अगदी शेवटी,
पाहुणे जेवून गेल्यावर घर बांधावं तशी.

खडूच्या पुडीने काच घासायची.
बोटाचा एक ठसा राहिला तर सोनं तिथे रुसून बसतं.
कोमट पाण्यात जिलेटिनची एक कॅप्सूल.
खारीच्या केसांचा चपटा ब्रश गालावरून एकदा फिरवायचा,
गालाचं तेल पुरतं.
माझा गाल कोरडा, म्हणून मी त्याच्या गालावरून फिरवायचे;
दाढी वाढली असली की तो मान हलवून नको म्हणायचा.
मग वर्ख उचलून जवळ न्यायचा,
बोटभर अंतरावरून तो स्वतःच उडी घेतो ओल्या काचेवर.
तेव्हा श्वास सोडायचा नाही.
एक शिंक म्हणजे अख्खी दुपार.

मला खरी आवडायची सरसाची कामं.
वाळूच्या माऱ्याने खरबरीत केलेल्या काचेवर
गरम सरस ओतायचा आणि दिवा मालवायचा.
सुकताना तो आक्रसतो,
आणि सुटताना काचेचे पापुद्रे घेऊन सुटतो.
रात्री उशिरा थांबले तर ऐकू यायचं,
टिक्.
बऱ्याच वेळाने, टिक्,
अंधारात कुणी एकेक बोट मोडत बसल्यासारखं.
सकाळी काचभर नेचे उगवलेले.
न्हाणीघरांना, दंतवैद्यांच्या दारांना लोक हे लावून घेतात:
उजेड हवा, चेहरा नको.

ऑक्टोबरात अँकर बार बंद पडला
आणि त्याचा आरसा आमच्याकडे आला,
घोंगडीत गुंडाळून, दोन माणसांच्या हातांवर.
रोना पेट्रीबाईंनी लिलावात घेतलेला, जेवणघरासाठी.
कडेची चांदी काळवंडली होती, तेवढीच बघायची होती.
मी घोंगडी काढली आणि वाचलं.
एनचा तिरपा दांडा उलटा होता.
मी इनेसकडे बघितलं.
"एकोणीस वर्षांचा होतो," तो म्हणाला,
आणि चहा ठेवायला गेला.

शेहेचाळीस वर्षं दर शुक्रवारी
त्या आरशाखालीच बसत होता तो, त्याच्याकडे पाठ करून.
गोदीतले लोक, तागगिरणीतून सुटलेल्या बायका,
वर बघून केस सारखे करणारे सगळे,
एकालाही दिसलं नाही.
आरशाने चूक पोटात घातली होती.

पेट्रीबाईंनी सांगितलं नव्हतं.
मी तर म्हटलंच, राहू दे.
त्याचे हात कापतात, ब्लेड धरलं की थांबतात.
मागचा काळा रंग खरवडला, मग सोनं,
शेहेचाळीस वर्षांचं सोनं, चिमूटभर मिठाएवढं,
ते त्याने फुंकून टाकलं.
आणि एन नव्याने घातला. सरळ. म्हणजे आमच्या बाजूने उलटा.
त्या दिवशी ब्रश त्याने स्वतःच्याच गालावर फिरवला.

ब्रॉटी फेरीच्या त्या घरात आरसा लावला,
झुंबर पेटवलं, पेट्रीबाईंनी हात जोडून छातीशी धरले.
जुनं सोनं मधासारखं.
नवं लिंबाच्या सालीसारखं.
तो जुना वर्ख आता कुणी करत नाही.
टेबलाखालून बाईंची नात बाहेर आली,
सात वर्षांची, तोंडात बिस्किट.
"हे एकच अक्षर असं का?"
तिने बोट नेमकं तिथे ठेवलं.

इनेस इतका हसला की त्याला जिन्यावर बसावं लागलं.

परतताना व्हॅनमध्ये गोदीपर्यंत गप्प.
मग म्हणाला, शेडवर सोड मला.
सरस ओतून ठेवलाय सकाळचा,
एव्हाना वाजायला लागला असेल.