नाताळ आला की आली

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी
इनासकाका माळ्यावरून बेथलेहेम काढतो.
पुठ्ठ्याच्या खोक्यात असतं ते, वर लिहिलंय:
‘मिक्सर. जपून.’
मरोळच्या आमच्या गावठाणात
याहून पवित्र खोकं नाही.

मी मुद्रितशोधक. पोटासाठी
लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ वेचतो.
घरात मला कुणी विचारत नाही.
काकाने थर्माकोलवर रंगवलं ‘शूभ नाताळ’.
म्हणालो, उकार पहिला हवा.
म्हणाला, दुसऱ्याची शेपटी लांब,
तिला चांदणी टांगता येते.
टांगली.
व्याकरण गप्प बसलं.

पडदाही त्याचाच, जुन्या चादरीवर.
त्याच्या बेथलेहेमात ताड आहेत,
ताडांना मडकी,
आणि मागे, नीट पाहिलं तर, सोसायटीची पाण्याची टाकी.
उंट त्याला जमत नाही.
दरवर्षी उंट काढायला घेतो,
दरवर्षी म्हैस होते.
‘आरेवरून आलेत राजे,’ म्हणतो, ‘जवळ पडतं.’

आत घमेल्यात कलकलांचं पीठ.
काट्याच्या पाठीवर सगळे वळतायत;
ज्याची कलकलं जाडी
त्याला रेमीजाआत्या नजरेनेच तळते.
भाची झेल्मा कॉलेजात भाषा शिकते. तिने जाहीर केलं,
‘घमेलं पोर्तुगीज आहे.
चावी, साबण, पगार, बटाटा, सगळं जहाजातून आलं.
नाताळसुद्धा.’
आत्याने पिठातला हात न काढता विचारलं,
‘आणि हे घमेलं घासायचंय तुला,
ते कुठल्या भाषेत सांगू?’

मग वाद लिंगावर गेला.
मी म्हणालो, नाताळ पुल्लिंगी. तो आला.
आत्या म्हणाली, छे. तो असता
तर आल्या आल्या खुर्चीत बसला असता.
हिने महिनाभर उभं ठेवलंय मला. ती आली.
काका ब्रश धुता धुता म्हणाला,
‘बाळ ना? मग ते.’
त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

तिसरा राजा मानेत मोडलाय.
शेजारच्या शार्दूल गुरवने
दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आणून दिला.
सोनं, ऊद आणि भाला.
‘पुढच्या दिवाळीला परत हवा,’ त्याने बजावलं,
‘आणि पहाऱ्याचं टेन्शन नको, हा झोपत नाही.’

चोवीसच्या रात्री, मिसेला तासभर उरलेला,
बाळच सापडेना.
बारापर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची;
बाळ लपवायचं काम कार्मेलीनताईचं,
आणि ताई यंदा ब्रॅम्प्टनला.
तांदळाचा डबा उपसला. गाद्या उलटल्या.
झेल्माने मिक्सरमध्येसुद्धा पाहिलं.
शेवटी फोन. ताई तिकडे भर दुपारी
फावड्याने बर्फ ओढत होती.
‘शिवणयंत्राचा डावा खण,’ धापा टाकत म्हणाली,
‘बटणांची डबी. जानेवारीत निघताना
मीच ठेवलं.’
मग जरा वेळ कुणी काही बोललं नाही.
फोन चालूच होता.
पलीकडे फावडं थांबलं होतं.

निळ्या बटणांत, कापसात, करंगळीएवढं.
काकाने ते म्हैस आणि मावळा यांच्या मधे ठेवलं
आणि पडद्यावरच्या टाकीचा कोपरा
चांदणीने झाकला.
आत्या पदराला हात पुसत म्हणाली,
‘आलं बाई एकदाचं.’

मी लाल पेन
खिशातच राहू दिलं.