दोन कुरणांमधली फट

शाळेच्या भूगोलाच्या खोलीत, कोळशाच्या शेगडीभोवती
आम्ही सात जण आणि चार लॅपटॉप.
नुरझादा बिश्केकहून आलीय, माझ्या थोरल्याहून लहान.
म्हणते, नकाशाला तीनच गोष्टी कळतात:
बिंदू, रेषा, क्षेत्र.
दिसेल ते उचला आणि ठरवा, यातलं कोणतं.

झरा बिंदू. मेंढ्यांची वाट रेषा.
जायलू, म्हणजे आमचं उन्हाळी कुरण, क्षेत्र.
इथवर मला जमलं.
कुरण समितीची वही मी एकोणीस वर्षं लिहिते,
रकान्यांना मी भीत नाही.

मग तोक्तोबेक आजोबांनी टोपी मागे सारली.
"आणि वारा? खिंडीतला?"
नुरझादा हसली नाही, हे मला आवडलं.
म्हणाली, त्याला जाळी लागते, अख्ख्या दरीवर टाकायची,
एकेका घरात एकेक आकडा.
"मग आकडे तासातासाला बदलावे लागतील."
"हो," ती म्हणाली.
दोघंही बराच वेळ गप्प.

कुणीतरी विचारलं, गाव बिंदू की क्षेत्र?
ते तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर.
माझा धाकटा मॉस्कोत टॅक्सी चालवतो.
मी काही बोलले नाही,
माउसचं चाक नुसतं मागेपुढे फिरवत राहिले:
टिंब, छपरं, टिंब, छपरं.
आमचा निळा दरवाजा वरून दिसतच नाही.

तिसऱ्या दिवशी हद्दी काढल्या.
उपग्रहाच्या फोटोवर ओढ्याच्या काठाकाठाने
क्लिक, क्लिक, क्लिक,
शेवटचं टिंब पहिल्यावर टेकलं
की कुरण मिटतं, पिशवीचं तोंड आवळल्यासारखं.
पलीकडच्या वर्गात ओर्तो-सायच्या लोकांनी त्यांचं काढलं.

चौथ्या दिवशी दोन्ही थर एकमेकांवर ठेवले
आणि मध्ये फट.
चाबकाच्या वादीसारखी, लांब, वेडीवाकडी,
कुठे तीन मीटर, कुठे अकरा.
दोन्ही गावांचे पुढारी एकदमच उभे राहिले.
खुर्च्या करकरल्या.
"सगळ्यांचंच होतं असं," नुरझादा म्हणाली, "हात हलतात."
कुणी ऐकलं नाही.

तेव्हा मी आईचं सांगितलं, का ते ठाऊक नाही.
शिर्दाक करताना ती दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायची,
साबणाच्या वडीने मेंढ्याचं शिंग रेखायची
आणि चाकू एकदाच फिरवायची, दोन्हींतून.
लालातलं काळ्यात बसायचं, काळ्यातलं लालात.
कड जुळवावी लागायची नाही.
ती दोघांची मिळून एकच असायची.

नुरझादाने फळ्यावर लिहिलं: टोपॉलॉजी.
आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवलं.
तिने स्वतःच्या वहीत लिहिलं: शिर्दाक.

रेषा पुसायच्या आधी मी त्या फटीची नोंद उघडली.
क्षेत्रफळ: पाऊण हेक्टर, थोडं वर.
मालक:
पुढे काही नाही.
मी शून्य टाकणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.
शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.
रिकामं म्हणजे अजून कुणी विचारलंच नाही.
एकोणीस वर्षांच्या वह्या डोळ्यांपुढून गेल्या,
किती ठिकाणी मी शून्य लिहिलं होतं.

संध्याकाळी एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून
दोन्ही गावांनी मिळून एकच रेषा ओढली.
एका दगडापाशी अडलं, चहा आला, पुढे गेलं.
तक्त्यातून ती ओळ नाहीशी झाली.

आजोबा पडद्याजवळ जाऊन बोटाने शोधत होते.
"इथली पट्टी कुठे गेली?"
"वाटून घेतली, आजोबा. निम्मी निम्मी."
"भांडणाच्या भीतीने तिथे कुणी मेंढरं सोडत नव्हतं,"
ते म्हणाले, "मार्मोट चांगले लठ्ठ झाले होते."
टोपी पुढे ओढली,
आणि शेगडीतला कोळसा उगाच हलवत राहिले.