काळी तार

सुलाबाई खिल्लारेंचा मिक्सर तिसऱ्यांदा आला
तेव्हा पिशवीतून काढण्याआधीच वास सुटला:
जळकं व्हार्निश, आणि त्याच्या खाली हळद.
वसमतात हळदीचा वास कुणाला येत नाही,
मला तर व्हार्निशचाही येत नाही.
दोन्ही एकत्र आले की मात्र डोकं वर होतं.

पहिल्या वेळी मी म्हणालो होतो,
"हळकुंडं अख्खी टाकली असतील, बाई."
"बत्त्यानं फोडूनच टाकते की, भाऊ."
सातशे रुपये.
दुसऱ्या वेळी म्हणालो, "एका दमात किती वेळ चालवता?"
त्या खाली बघत राहिल्या.
पाचशे घेतले,
आणि दोनशे सोडल्याचा मोठेपणाही.

खरं तर कॉइल बोलते.
एकाच जागी काळी पडली तर तारेचा दोष,
नाहीतर वेढे घालणाऱ्या हाताचा.
अख्खी सारखी करपली,
कढईत विसरलेल्या कांद्यासारखी,
तर दोष घरातून आलेला.
हे मी बाराव्या वर्षी शिकलो,
अब्बांच्या मांडीशी बसून वेढे मोजताना.

सुलाबाईंची दोन्ही वेळी अख्खी करपली होती.
मी वाचली, कापली,
तांब्याच्या पोत्यात टाकली.
दुकानाचं भाडं पाच तारखेला असतं.

या वेळी त्या मिक्सर ठेवून लगेच निघाल्या नाहीत.
"एक गंमत सांगू का, कासीमभाई?
शेजारी इस्त्री लावली की
आमच्या घरचा बल्ब लई उजळायलाय.
सम्यक बरोबर त्याच टायमाला अभ्यासाला बसतो."

माझ्या हातातला स्क्रू टेबलाखाली घरंगळत गेला.
मी तो शोधला नाही.

मोंढ्यामागची गल्ली.
सुलाबाईंच्या बोर्डात मीटरच्या काड्या खुपसल्या:
एकशे सत्तर.
भिंतीपलीकडे पोरीनं शर्टावर इस्त्री टेकवली:
दोनशे नव्वद.
पंखा कुत्रं मागं लागल्यासारखा पळायला लागला.
कोपऱ्यावरच्या घरात कूलरचा पंप गेलेला,
समोर फ्रिज,
तिकडे एकाच आठवड्यात दोन पंखे.
मला विचारायची गरजच नव्हती,
ती सगळी घरं माझ्या वहीत होती.

लाल तारेला सगळे भितात.
काळीला टेस्टर लावा, दिवा पेटत नाही,
म्हणून तिला कुणी मोजत नाही.
ती फक्त आलेलं परत नेते.
पण ती सैल झाली
की घरं एकमेकांच्या अंगावर येतात;
एकाची इस्त्री
दुसऱ्याच्या मिक्सरात जळते,
आणि जळणाऱ्याला वाटतं, आज उजेड बरा आहे.

मुंजाजी लाइनमन संध्याकाळी खांबावर चढला.
जोड बोटानं हलत होता,
त्यावर पांढरी भुकटी, चिमणीचं काहीबाही.
वरूनच ओरडला, "कधीचा लोंबकळायलाय बघा हा!"
घासलं, नवा लग दाबला, खाली उतरला.
बिडी संपायच्या आत सगळं झालं.

मीटर: दोनशे एकतीस.
इस्त्री लावायला सांगितली: दोनशे एकोणतीस.
सगळे माझ्याकडे बघत होते
आणि मी मीटरकडे.
सुलाबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हळकुंडांचा दोष नव्हता."
विचारलं नव्हतं त्यांनी, नुसतं म्हणाल्या.
मी म्हणालो, "न्यूट्रल सैल होता."
तेही खरंच होतं.

तिसऱ्या वेळचे पैसे मी घेतले नाहीत.
आधीचे बाराशे परत केले नाहीत.
काउंटरवर त्यांनी ठेवलेली हळदीची पुडी
अजून तशीच आहे, वहीच्या शेजारी,
आणि वहीत त्या गल्लीचं नाव
गेले पाच आठवडे नाही.

त्या दिवशी निघताना
सम्यक उंबऱ्यात आडवा आला.
पुस्तक छातीशी,
डोळे बल्बकडे.
"काका," म्हणाला,
"नीट करता करता
उजेड कामून कमी केलात?"