अठ्ठेचाळीसच्या आत

धान खरेदी केंद्रावर बाबा पोती चढवायचे.
चाळीस किलो धान, बारदानाचं वजन वेगळं.
वाकायचे, पोत्याचे कान धरून ओढायचे,
कंबर आत घालून वळायचे
आणि पोतं पाठीवरून थेट ट्रकच्या फाळक्यावर.
उरकुडे सरांनी पुढं त्या डावाचं जपानी नाव सांगितलं.
नाव पाठ व्हायला मला दोन दिवस लागले.
डाव येतच होता.

पण सरांनी चार महिने फक्त पडायला शिकवलं.
हनुवटी छातीला.
जमीन आपल्याला मारेल
त्याआधी आपण जमिनीला मारायचं, सपाट तळव्यानं.
शाळेमागचं जुनं गोदाम, तणस भरलेली बारदानं,
वर पिवळी ताडपत्री.
एखाद्या दिवशी तणसातून विंचू निघायचा,
त्या दिवशी सगळ्या उभ्यानंच सराव करायच्या.

चेतना लांजेवार माझी जोडीदार.
मी फेकायची, ती पडायची.
रोज शंभर वेळा,
पोळ्याच्या दिवशी पन्नास.
तिचं वजन माझ्याएवढंच, निवडीच्या दिवशी तिला ताप होता
एवढाच काय तो फरक.
किती वेळा पडली ती, हिशेब कोणी ठेवला नाही.
मी भोपाळच्या शिबिरात गेले,
ती लग्न होऊन लाखांदूरला.

मग पासपोर्ट. मग पांढरा पोशाख आणि निळा.
आईनं पांढऱ्याला इतकी नीळ दिली
की पहिल्या परदेशी सामन्यात पंच दोनदा बघत राहिला,
ही नेमकी कोणत्या बाजूची.
ताश्कंदला मी अकरा सेकंद टिकले.
अकरा सेकंदांसाठी तीन विमानं.
छताकडे बघत पडून राहिले तेव्हा एवढंच लक्षात आलं
की हनुवटी छातीला होती.

वजन उतरवायला बाकीच्या मुली वाफेची खोली शोधायच्या.
मी म्हणायची, मे महिन्यात आमच्या टिनाखाली या.
शेवटच्या रात्री पाणी बंद,
पेल्यात थुंकत बसायचं,
थुंकीलाही वजन असतं.
आल्माटीला पहाटे काटा पुढंच गेला, जरासाच.
अंगावर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.
मंगोलियाच्या एका मुलीनं न विचारता कात्री आणून दिली.
त्या दिवशी कांस्य मिळालं,
तेही तिलाच हरवून.

गावात कमान लागली.
बॅनरवर 'कराटेकन्या' छापलं होतं.
आई कापलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली, बोलली नाही.
बाबांनी पदक तळहातावर तोललं, परत दिलं
आणि विचारलं,
"किती भरले वं केस?"
"नव्वद ग्रॅम."
त्यांनी मान डोलावली.
"तेवढी तूट धरतेतच."

पुढं फारसं सांगण्यासारखं नाही.
डाव्या गुडघ्यातला दोर तुटला, शिवला, पुन्हा तुटला.
चौकटीत माझ्या जागी हरियाणाची एक पोर उभी राहिली, चांगली होती.
रेल्वेची नोकरी फायलीत अडकली ती अडकलीच.
आता मी रोज पोटभर भात खाते
आणि अजूनही ताट उचलताना मनात ग्रॅम मोजते.

गोदाम तेच आहे. ताडपत्री निळी झाली.
संध्याकाळी अकरा पोरी येतात, दोन पोरं.
चेतना माहेरी परतली त्याला दोन वर्षं झाली,
कशासाठी ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
तिची मुलगी सायली नऊ वर्षांची,
कमरेचा पट्टा घसरतो, पकड मात्र सोडत नाही.
काल तिनं माझे कान धरावेत तशी कॉलर धरली,
आत वळली,
मी गुडघा सांभाळत थोडी मदत केली,
थोडीच.

तळवा ताडपत्रीवर वाजला.
दाराशी तांदूळ निवडत बसलेली चेतना
वर न बघता म्हणाली,
"एक."